कामगार टिकेल तर कारखाना टिकेल

आफ्रिकेच्या पूर्वेकडील उंच पठारावर वसलेला इथिओपिया इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतो तो १८९६ साली अदवाच्या रणांगणावर इटालियन फौजेला धूळ चारणारा आणि १९३६ ते १९४१ ही पाच वर्षे सोडली तर परक्या अंमलाखाली कधीही न गेलेला देश म्हणून. त्यानंतरच्या पिढीने त्याचे नाव ऐकले ते १९८४-८५च्या भीषण दुष्काळाच्या बातम्यांतून. आणि चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अर्थशास्त्राच्या अभ्यासकांची दृष्टी त्याच्याकडे पुन्हा वळली ती मात्र अगदी निराळ्या कारणाने. कॉफी, तीळ आणि जनावरे यांच्यावर ज्याची निर्यात पिढ्यानपिढ्या चालत आली होती, त्या देशाने आपल्या तरुण लोकसंख्येला कारखान्यांत काम देण्याचा, आणि तेही जगाच्या बाजारात टिकतील अशा कारखान्यांत देण्याचा, विडा उचलला. हा प्रयत्न पूर्णपणे सिद्धीस गेला असे म्हणता येत नाही, आणि तो फसला असे म्हणणे तर त्याहूनही अन्यायाचे ठरेल. त्यात जे साधले आणि जे हातचे निसटले, ते दोन्ही जवळून पाहिले म्हणजे उत्पादकता आणि रोजगार या दोन गोष्टी एकमेकींशी कोणत्या धाग्याने बांधलेल्या असतात, याचा उलगडा होऊ लागतो.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. इथिओपियाची लोकसंख्या आज बारा कोटींच्या पुढे गेली आहे आणि दरवर्षी सुमारे वीस लाख तरुण-तरुणी रोजगाराच्या शोधात बाहेर पडतात. त्यांपैकी बहुसंख्यांचे आईबाप शेतकरी आहेत. परंतु पठारावरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी जमीन हेक्टरभराच्या आतबाहेर असते, १९९५च्या राज्यघटनेप्रमाणे तिची मालकी राज्याकडे आणि शेतकऱ्याकडे केवळ वहिवाटीचा हक्क असतो, ती विकून दुसरा धंदा उभारता येत नाही, आणि चार भावंडांत वाटली तर एकाच्याही चुलीला ती पुरत नाही. तेव्हा गाव सोडून शहराची वाट धरणे क्रमप्राप्त होते. शहरात बांधकामावरची मजुरी, लोकांच्या घरची धुणीभांडी, रस्त्याकडेची किरकोळ विक्री, एवढेच बहुधा हाती लागते. २००४ नंतरची दहा-बारा वर्षे सरकारी हिशेबाप्रमाणे देशाचे उत्पन्न सालिना सुमारे दहा टक्क्यांनी वाढत होते. तरीही त्या उत्पन्नात यंत्रोद्योगाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. रस्ते झाले, इमारती झाल्या, व्यापार वाढला. पण ज्या ठिकाणी हजारो अकुशल हात एकत्र येऊन कुशल होतात, ते कारखाने मात्र उभे राहिले नाहीत.

उत्पादकता या शब्दाविषयी सामान्य वाचकाच्या मनात एक धास्ती असते, आणि ती निराधार नाही. एका माणसाच्या एका तासाच्या श्रमातून निपजणाऱ्या मालाचे मोल म्हणजे उत्पादकता. मग दोघांचे काम एकजण करू लागला तर दुसऱ्याने कुठे जायचे, असा प्रश्न कोणाही विचारी मनुष्याला पडावा. ज्या कारखान्याचे गिऱ्हाईक ठरलेले आणि मोजके आहे, तेथे ही धास्ती खरीही ठरते. परंतु जो कारखाना जगाच्या विशाल बाजारासाठी माल करतो, त्याची गोष्ट वेगळी असते: मुदतीत, निर्दोष आणि परवडेल अशा भावाने माल देणाऱ्याकडे आणखी मागण्या येतात, आणि त्या पुऱ्या करण्यासाठी आणखी माणसे घ्यावी लागतात. याच्या उलट, उत्पादकतेकडे पाठ फिरवून केवळ माणसे भरली, तर तो रोजगार सरकारी सवलतींच्या टेकूवर उभा राहतो आणि टेकू हलला की कोसळतो. म्हणून गरीब देशाला या दोहोंतून एकाची निवड करण्याची मुभाच नसते. त्याला दोन्ही एकदम साधावी लागतात, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

इथिओपियात यंत्रोद्योग अगदीच नवा होता असे नाही. इटालियनांच्या अंमलात दिरे दावा येथे कापडाची गिरणी निघाली. पुढे सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत परकीय भांडवलाला आवतण दिले गेले, आणि स्वतंत्र भारतातील उद्योगपतींनी परदेशात घातलेल्या अगदी आरंभीच्या कारखान्यांत बिर्ला समूहाच्या इथिओपियातील कापडगिरणीची गणना होते. परंतु १९७४ साली सम्राटाला पदच्युत करून सत्तेवर आलेल्या लष्करी मंडळाने, ज्याला तेथे देर्ग म्हणत, पुढच्याच वर्षी मोठे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे केले. खासगी उद्योजकांची जी पिढी तयार होत होती ती परागंदा झाली किंवा व्यापारात विरून गेली. १९९१ साली देर्गचा पाडाव झाला तेव्हा नव्या राज्यकर्त्यांच्या हाती आल्या त्या जुनाट यंत्रांच्या गिरण्या आणि यादवीने थकलेला मुलूख. भरीस भर म्हणून १९९३ साली एरिट्रिया स्वतंत्र झाल्याने देशाचा समुद्रकिनारा गेला, आणि १९९८ साली त्याच शेजाऱ्याशी युद्ध पेटल्यावर त्याच्या असाब बंदराचा मार्गही बंद पडला. तेव्हापासून देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक आयात-निर्यात व्यापार जिबूती या एकाच चिमुकल्या देशाच्या बंदरातून चालतो. यंत्राचा एक सुटा भाग मागवायचा तरी परक्याचे बंदर, परक्याची जकात आणि शेकडो किलोमीटरचा घाट, हे सारे ओलांडावे लागते.

अशा परिस्थितीत पंतप्रधान मेलेस झेनावी यांच्या सरकारने जे धोरण आखले, त्याची प्रेरणा पूर्व आशियातील देशांची होती. कोरिया आणि तैवान यांनी ज्याप्रमाणे शेतीला बळ देऊन, निवडक उद्योगांना कर्ज, जमीन व करमाफी देऊन आणि त्या बदल्यात निर्यातीचा हिशेब मागून आपली घडी बसविली, त्याप्रमाणे आपणही करावे असा हा विचार होता. २०१० साली जाहीर झालेल्या पंचवार्षिक योजनेत कापड, कातडे, साखर, सिमेंट अशा उद्योगांना अग्रस्थान मिळाले. या धोरणाचे एक प्रमुख शिल्पकार आणि आदिस अबाबाचे माजी महापौर आर्केबे ओकुबाय यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सिमेंट, फुले आणि कातडे या तीन उद्योगांची तुलना केली आहे. एकच सरकार, एकच काळ, जवळजवळ त्याच सवलती. तरीही फळे भिन्न का आली, हा प्रश्न खरोखर मननीय आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी यांपैकी दोन धंद्यांत जरा शिरून पाहणे अवश्य आहे.

फुलांचा धंदा शतकाच्या आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मळ्यांपुरता होता. विषुववृत्ताजवळ असूनही उंचीमुळे थंड असलेली होलेटासारखी ठिकाणे गुलाबाला मानवतात, हे निसर्गाचे देणे होते. परंतु निसर्गाच्या देण्यावर धंदा उभा राहत नाही. पहाटे खुडलेला गुलाब तासाभरात शीतगृहात गेला पाहिजे, तेथून थंड पेटाऱ्याच्या मोटारीने आदिस अबाबाच्या विमानतळावर, रात्रीच्या विमानाने युरोपात आणि दुसऱ्या दिवशी हॉलंडच्या लिलावात. या साखळीतील एक कडी जरी अर्धा दिवस निसटली तरी सगळा माल उकिरड्यावर टाकावा लागतो. सरकारने येथे जमीन भाडेपट्ट्याने दिली, इथिओपियाच्या विकास बँकेने भांडवलाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज दिले, आणि राष्ट्राच्या मालकीच्या विमान कंपनीने मालवाहतुकीची जबाबदारी उचलली. झिवाय सरोवराच्या काठी हॉलंडच्या मळेवाल्यांनी काचघरांचे विस्तीर्ण मळे घातले. काही वर्षांतच इथिओपिया हा आफ्रिकेत केनियाच्या खालोखाल फुले निर्यात करणारा देश झाला, आणि हजारो बायाबापड्यांना, विशेषतः तरुण स्त्रियांना, दरमहा पगार मिळू लागला. त्या सरोवराच्या पाण्याचा उपसा आणि कीटकनाशकांचा निचरा यांविषयीच्या तक्रारी आजही जिवंत आहेत आणि त्यांची उपेक्षा करणे योग्य नाही. परंतु मळ्यापासून लिलावापर्यंतची प्रत्येक कडी सांभाळली गेली म्हणून धंदा वाढला, हे निर्विवाद.

कातड्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेत सर्वांत अधिक पशुधन इथिओपियात आहे. तेथील डोंगराळ भागातल्या मेंढीचे कातडे इतके पातळ, लवचिक आणि चिवट असते की उंची हातमोज्यांसाठी ते जगभर नावाजले गेले. कच्चे कातडे परदेशी जाऊ न देता ते देशातच कमवावे, त्याचे बूट-हातमोजे देशातच शिवावेत आणि रोजगार देशातल्या माणसांना द्यावा, असा विचार करून सरकारने २००८ साली कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर दीडशे टक्के कर बसविला. विचार सरळ होता. परंतु कमावण्याच्या कारखान्यात आलेले कातडे उजेडात धरून पाहिले, तर त्यावरचा दोष बंदराच्या जकात नाक्यावर नव्हे, दूर गोठ्यात उत्पन्न झालेला दिसतो. मेंढीच्या अंगावरच्या उवा व माश्यांमुळे कातडीवर बारीक गाठी उठतात, त्याला तेथले लोक एकेक म्हणतात. कमावून रंग चढविल्यावर त्या गाठींचे ठिपके उमटतात आणि चांगल्या प्रतीचे कातडे क्षणात हलक्या प्रतीत जमा होते. त्यात कुठे तापल्या लोखंडाने दिलेला डाग, कुठे काटेरी झुडपाचा ओरखडा, आणि घरच्या अंगणात सणावाराला मेंढी कापताना घाईत फिरलेल्या सुरीची चीर. गावोगावच्या कुटुंबांकडून एक-दोन, एक-दोन करून गोळा झालेल्या या कातड्यांना मीठ वेळेवर लागत नाही, आणि चांगल्या व वाईट कातड्याला बहुधा एकच भाव मिळत असल्याने ते जपण्याची कोणाला गरजही वाटत नाही. २०१०च्या योजनेत पाच वर्षांअखेर या उद्योगाची निर्यात वर्षाला सुमारे पन्नास कोटी डॉलरांवर नेण्याचा संकल्प होता. ती त्याच्या एकतृतीयांशापर्यंतही पोहोचली नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेशी करार करून तेथील तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले आणि कारागिरांच्या शिक्षणाला त्याचा उपयोगही झाला. पण औषधाची फवारणी मेंढीवर करायची असते. ती कायद्याच्या कलमावर करून भागत नाही. उत्पादकतेची पहिली पायरी कारखान्याच्या दाराबाहेर, पशुवैद्यकाच्या पिशवीत असते, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

याच धंद्याची दुसरी बाजू आदिस अबाबाच्या मर्काटो या अफाट बाजारपेठेत पाहावयास मिळते. तेथे आसपासच्या गल्ल्यांत चांभारकामाची शेकडो लहान दुकाने आहेत. एकेका खोलीत पाच-सात माणसे, कोणी वरचे कातडे कापणारा, कोणी शिवणारा, कोणी साच्यावर ताणून तळ चिकटविणारा. या शतकाच्या आरंभी चीनचे स्वस्त बूट बाजारात उतरले तेव्हा ही दुकाने आता बसणार, असे सर्वांनाच वाटले, आणि काही बसलीही. परंतु जी तगली त्यांनी चिनी बुटांचे घाट निरखले, सामान बदलले, शिलाई सुधारली, आणि चारपाच वर्षांत देशी बुटाने आपले गिऱ्हाईक परत मिळविले. त्यांतून काही कारखाने तर इटलीला माल पाठविण्याइतके मोठे झाले. जपानी अर्थशास्त्रज्ञांनी या घटनेचा साक्षेपाने अभ्यास केला आहे. मला तीत महत्त्वाचे वाटते ते हे, की येथे कसब माणसांच्या हाती होते आणि माणसे जागची हलत नव्हती. कारागीर एका दुकानातून दुसऱ्यात गेला तरी गल्लीतच राहिला, शिकाऊ पोर उस्तादाच्या शेजारी बसून शिकले आणि पुढे स्वतःचे दुकान थाटून बसले. त्यामुळे शिकलेले वाया गेले नाही.

आता हवासाकडे वळू. आदिस अबाबाच्या दक्षिणेस पावणेतीनशे किलोमीटरांवर, सरोवराच्या काठी वसलेल्या या शहराजवळ सरकारने एका चिनी कंपनीकडून अवघ्या नऊ महिन्यांत १३० हेक्टरांची उद्योगवसाहत उभारून घेतली आणि २०१६ साली तिचे उद्घाटन झाले. बावन्न विस्तीर्ण शेड, सांडपाण्याचा थेंब सरोवरात जाऊ न देणारी शुद्धीकरणाची यंत्रणा, आवारातच जकातीचे आणि परवान्यांचे दफ्तर, आणि साठ हजार नोकऱ्यांचे उद्दिष्ट. कॅल्विन क्लाइन व टॉमी हिलफिगर ही नावे ज्या अमेरिकन समूहाची, त्या पीव्हीएचने येथे आपले बस्तान मांडले. श्रीलंका, चीन, इंडोनेशिया येथले कारखानदार आले. मराठी वाचकाला घरच्यासारखे वाटणारे रेमंडचे नावही येथे लागले, कारण त्या समूहाच्या तयार कपडे शिवणाऱ्या कंपनीने हवासात शाखा काढली. अमेरिकेच्या २०००च्या कायद्याप्रमाणे आफ्रिकेतील पात्र देशांच्या कपड्यांना तेथे जकात माफ होती, हे या आकर्षणाचे मोठे कारण. आणि दुसरे कारण कामगाराचा पगार.

शिलाईची एक ओळ कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कापणीच्या टेबलावरून कापडाचे तुकडे गठ्ठे बांधून येतात. पहिली मुलगी खिसा जोडते, दुसरी खांदा, तिसरी गळपट्टी, चौथी बाही, आणि असे करीत तीस-चाळीस हातांखालून जाऊन सदरा पुरा होतो. प्रत्येकीच्या वाट्याला येणारे काम मिनिटाभराचे किंवा त्याहून कमी. मुकादमाच्या हाती घड्याळ आणि ओळीच्या टोकाला ताशी उद्दिष्टाचा फळा. गळपट्टीवाली नवखी असली, तिचा टाका वाकडा गेला, उसवून पुन्हा घालावा लागला, की तिच्यामागे गठ्ठ्यांचा ढीग साचतो आणि पुढच्या वीस जणी हात बांधून बसतात. तिने रजा घेतली तर तिच्या जागी बसविलेली मुलगी दुसऱ्या कामातून काढलेली असते, म्हणजे आता दोन ठिकाणी ढीग. सारांश, ओळीची उत्पादकता सर्वांत हुशार कामगाराच्या वेगाने ठरत नसून सर्वांत अडखळणाऱ्या हाताच्या वेगाने ठरते. आणि हात अडखळण्याचे थांबायला काही आठवडे पुरत नाहीत, कित्येक महिने लागतात.

आता हिशेब करू. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्राने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हवासातील नवख्या कामगाराचा मूळ पगार दरमहा २६ डॉलर असल्याचे नमूद आहे. त्याच अहवालात बांगलादेशचा आकडा ९५ डॉलरांचा आहे. म्हणजे पगार चौथाईच्या थोडा वर. परंतु समजा, हवासाची ओळ बांगलादेशच्या ओळीच्या निम्माच माल काढते. तर प्रत्येक सदऱ्यामागे पडणारी मजुरी चौथाई न राहता निम्म्याहून अधिक होते. त्यावर जिबूतीपर्यंतचे वाहतुकीचे भाडे, परदेशातून येणाऱ्या कापडाची व बटणांची वाट पाहण्यात गेलेले दिवस, आणि नापास होऊन बाजूला टाकलेले नग यांचा बोजा चढविला, म्हणजे जगातील सर्वांत स्वस्त म्हणून गाजलेला श्रम प्रत्यक्षात स्वस्त राहत नाही. स्वस्त मजुरी ही उद्योगाची पुंजी आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब शांतपणे मांडून पाहावा.

आणि कामगार टिकत नव्हते. त्याच अहवालाप्रमाणे हवासातील कारखान्यांना सरासरीने साधारण वर्षभरात आपले सगळेच कामगार नव्याने भरावे लागत होते. शिकविलेले हात निघून जायचे, नवे यायचे, शिकायचे आणि तेही निघून जायचे. गळक्या रांजणात पाणी भरावे, तसा हा प्रकार. आळस किंवा शिस्तीचा अभाव हे त्याचे कारण सांगितले जाई, ते मला पटत नाही. या मुली बहुतेक सिदामा भागातल्या खेड्यांतून आलेल्या, अठरा ते पंचवीस वयाच्या, आणि घराबाहेर पगारी नोकरी करणारी त्यांच्या घरात बहुधा पहिलीच. वसाहतीत शेड बांधल्या गेल्या, पण राहण्याची व्यवस्था मागे राहिली. शहरात एका खोलीत चौघी-चौघी दाटीने राहत, घरमालक भाडे चढवीत, आणि भाडे व जेवण वजा जाता गावी पाठविण्यास उरत असे ते जवळजवळ शून्य. संध्याकाळची पाळी सुटल्यावर अंधारातून पायी परतण्याची भीती निराळीच. ज्या नोकरीत वर्षभर राबूनही पदरात काही पडत नाही, ती सोडून गावी परतणे हा अविचार नव्हे. तो त्या मुलीने केलेला चोख हिशेबच होय.

या अनुमानाला शास्त्रीय पुरावा आहे. ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डेरकॉन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इथिओपियातील पाच कारखाने व मळ्यांशी ठरवून, नोकरीसाठी आलेल्या हजाराच्या आसपास उमेदवारांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून नोकरी दिली, काहींना सुमारे तीनशे डॉलर आणि लहान धंद्याचे थोडे शिक्षण दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. नोकरी मिळालेल्यांपैकी तिसरा हिस्सा पहिल्याच महिन्यात गेला आणि वर्षअखेर तीन-चतुर्थांशांहून अधिकांनी ती सोडली होती. वर्षभरानंतर नोकरीवाल्यांचे उत्पन्न काहीच न मिळालेल्यांपेक्षा अधिक आढळले नाही. उलट प्रकृतीच्या गंभीर तक्रारी मात्र वाढल्या होत्या. ज्यांना पैसे मिळाले त्यांचे उत्पन्न सुमारे एकतृतीयांशाने वाढले. पुढे पाच वर्षांनी पाहता हे भेद बहुतांशी पुसले गेले होते. यावरून कारखाने नकोत असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. लहान धंद्यांच्या बळावर बारा कोटींचा देश संपन्न झाल्याचे उदाहरण नाही. परंतु कारखान्याची नोकरी ही आपोआप वरदान ठरते, हा समज मात्र या प्रयोगाने निकालात काढला.

मग हात कुशल कसे व्हावेत आणि टिकावेत कसे? याचे एक उत्तर इथिओपियाने जपानकडून घेतले. २००८ साली मेलेस यांनी जपानी तज्ज्ञांकडे काइझेन या पद्धतीची मागणी केली. २००९ पासून सुमारे तीस कारखान्यांत तिचा प्रयोग झाला आणि २०११ साली त्यासाठी सरकारने स्वतंत्र संस्था स्थापिली. या पद्धतीत नवे यंत्र घेण्याआधी जुन्या यंत्राभोवतीचा पसारा आवरायला सांगतात. हत्यारे भिंतीवरच्या फळ्यावर, ज्याची त्याची आकृती रंगवून, त्याच जागी टांगायची. वर्षभर न वापरलेले सामान बाहेर काढायचे. एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत दिवसातून किती पावले विनाकारण पडतात ते मोजायचे आणि यंत्रे जवळ आणायची. आणि मुख्य म्हणजे हे सारे वरून आलेल्या हुकुमाने नव्हे, तर त्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी आठवड्याला एकत्र बसून ठरवायचे. ज्या समाजात शतकानुशतके वरच्याने सांगावे आणि खालच्याने ऐकावे अशी रीत होती, त्यात कामगाराला त्याचे मत विचारणे ही साधी गोष्ट नव्हे. पण व्यवस्थापकाला गोडी होती तोवर काइझेन टिकले, त्याचे लक्ष उडाले की फळ्यावरच्या आकृती रिकाम्या राहिल्या. आणि वर्षभरात निघून जाणारा कामगार सुधारणा सुचविण्याइतका कामात मुरतच नाही. म्हणजे येथेही गाठ येऊन पडते ती कामगाराच्या टिकण्यापाशीच.

त्यानंतरची वर्षे कठीण गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्राय प्रांतात युद्ध पेटले आणि दोन वर्षे चालले. तेथील कारखाने उद्ध्वस्त झाले. मानवी हक्कांच्या कारणावरून अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियाची जकातमाफी काढून घेतली, आणि त्याआधीच्या नोव्हेंबरातच पीव्हीएचने हवासातील आपला कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. युद्धाशी ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता अशा हजारो शिवणाऱ्या मुलींना त्याची झळ पोहोचली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे सुटे भाग आणि रसायने यांच्यासाठी कारखान्यांना महिनोन्महिने थांबावे लागे. अखेर २९ जुलै २०२४ रोजी सरकारने बिर या चलनाचा विनिमयदर बाजारावर सोपविला आणि काही महिन्यांतच डॉलरचा भाव दुपटीच्या घरात गेला. निर्यात करणाऱ्याला त्याने दिलासा मिळाला. परंतु ज्याचा पगार बिरमध्ये आणि खर्च वाढत्या भावांत, त्या कामगाराच्या ताटातील घास त्याने आणखी लहान केला.

तरीही पायाभरणी वाया गेलेली नाही. आदिस अबाबा ते जिबूती हा सुमारे साडेसातशे किलोमीटरांचा विजेवरचा लोहमार्ग २०१८ पासून नियमित चालू आहे. निळ्या नाईल नदीवरचे महाधरण, ज्यासाठी देशातल्या शिक्षकांनी, शिपायांनी आणि शेतकऱ्यांनी रोखे घेऊन पैसा उभा केला, त्याचे उद्घाटन ९ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, आणि त्याची वीजनिर्मितीची क्षमता पाच हजार मेगावॉटहून अधिक आहे. आवाश नदीच्या खोऱ्यात कपाशीला योग्य अशी विस्तीर्ण जमीन आहे. रेल्वे, वीज आणि कापूस ही उद्योगाची तीन अंगे आहेत. उणीव आहे ती त्यांना जोडणाऱ्या कुशल आणि समाधानी माणसाची.

माझ्या मते येथून पुढचा मार्ग स्पष्ट आहे, जरी तो सोपा नसला. २०१९च्या कामगार कायद्यात किमान वेतन ठरविण्यासाठी वेतनमंडळ नेमण्याची तरतूद झाली होती. तिची अंमलबजावणी लांबणीवर टाकणे हे कारखानदाराच्याही हिताचे नाही. पगार कसबाशी बांधला पाहिजे: तीन प्रकारची शिलाई येणाऱ्या मुलीला एक येणाऱ्या मुलीपेक्षा अधिक, आणि तिने ओळीची मुकादम व्हावे अशी वाट तिला पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे. नवी शेड बांधण्याआधी जुन्या शेडमधल्या कामगारांची निवासस्थाने बांधली पाहिजेत, आणि भाडेकरूला नाडणाऱ्या भाडेवाढीला आवर घातला पाहिजे. कातड्याला प्रतीनुसार भाव देऊन पशुवैद्यक खेड्यापर्यंत पोचविला पाहिजे. कपाशीपासून कापडापर्यंतची साखळी देशातच जोडली पाहिजे, म्हणजे एका सदऱ्यामागे शेतात, गिरणीत आणि वाहतुकीत आणखी कितीतरी हातांना काम मिळेल. मर्काटोच्या कारागिरांना मोठ्या कारखान्यांच्या मागण्यांत वाटा मिळेल अशी तजवीज झाली, तर तेथे पिढीजात साचलेले कसब वसाहतीच्या भिंतीआड पोहोचेल. आणि या सर्वांच्या आधी शांतता हवी, कारण युद्धाच्या एका वर्षात जे ग्राहक जातात ते सवलतींच्या दहा वर्षांत परत येत नाहीत.

उद्योग वाढविणे म्हणजे भिंती, यंत्रे आणि करमाफीचे परवाने यांची बेरीज करणे, असा समज अनेक राजधान्यांत रूढ आहे, कारण भिंतींचे उद्घाटन करता येते आणि परवान्यांची गणती करता येते. कामगाराच्या हातात महिनोन्महिने मुरत जाणाऱ्या कसबाचे मात्र फीत कापून उद्घाटन करता येत नाही, आणि तीच खरी राष्ट्रीय संपत्ती होय. हवासाच्या एखाद्या मुलीला दुसऱ्या वर्षीही त्याच यंत्रावर बसावेसे वाटणे, तिसऱ्या वर्षी तिने दुसरीला शिकविणे, आणि पाचव्या वर्षी आपल्या पगारातून धाकट्या भावाची शाळेची फी भरणे, एवढे घडले तर उत्पादकताही वाढेल, रोजगारही वाढेल, आणि दोहोंत निवड करण्याचा प्रश्नच उरणार नाही. सरकारांनी, कारखानदारांनी आणि साता समुद्रापलीकडे तिने शिवलेला सदरा स्वस्तात मागणाऱ्या ग्राहकांनी, आपापल्या वाट्याचा खर्च उचलून, हे घडवून आणणे हेच त्यांचे कर्तव्य आहे.